पायावरचं न्हाणं

जाफराबाद तालुक्यातल्या आमच्या भागात माझ्या वडिलांना, दादांना, 'कावीळवाले' म्हणत. शेती कपाशीची आणि ज्वारीची, पण रविवारची सकाळ काविळीच्या रोग्यांसाठी राखलेली. एक्याऐंशी-ब्याऐंशीच्या सुमारास मी प्राथमिक शाळेत होते, तेव्हा रविवारी उठून दार उघडलं की ओट्यावर पिवळ्या डोळ्यांची माणसं बसलेली असायची. कुणी बैलगाडीत आलेलं, कुणी एसटीनं. दादा पुनर्नवेच्या मुळीचे बारीक तुकडे दोऱ्यात गाठवायचे, गाठ त्यांची त्यांनाच येणारी, आणि ती माळ रोग्याच्या डोक्यावर बसवायचे. दिवस जातील तशी माळ लांबत कपाळावरून कानांवर आणि तिथून गळ्यात उतरायची. छातीवर आली की कावीळ उतरली. दादा कुणाकडून काही घेत नसत, आणि त्यामुळे त्यांचा शब्द जास्तच चालायचा.

माळ लांबते ती मुळ्या वाळून आकसतात आणि गाठी सैल पडतात म्हणून. हे मी डी.एड.ला असताना एक जुनी माळ उसवून बघितलं आणि दादांना सांगितलंही. ते चिडले नाहीत. माणूस बरं होतं ना, एवढंच म्हणाले. ते खरंच होतं. बहुतेक कावीळ काही आठवड्यांत आपली आपण जाते, आणि त्या आठवड्यांत गळ्यात जे असेल त्याला श्रेय मिळतं.

दादांच्या सगळ्या यशात मोठं यश होती माझी माय. माझ्या जन्माच्या आधी तिला जबरदस्त कावीळ झाली होती. अन्न जाईना, उभं राहवेना. गावात तेव्हा सुया देत फिरणारा एक जण होता, काचेची पिचकारी आणि एकच सुई घेऊन घरोघर जायचा. त्याच्या सुया टोचून झाल्या, गुण आला नाही. मग दादांनी आपल्या आजोबांकडून शिकलेली माळ पहिल्यांदा स्वतःच्या हातानं गाठवली, ती मायसाठी. माळ उतरली आणि माय उठली. त्यानंतर माझा जन्म. येणाऱ्या प्रत्येक रोग्याला दादा ही हकीकत सांगायचे, आणि पुरावा म्हणून मायला हाक मारायचे. माय चुलीपासून उठून दारात येऊन उभी राहायची, रोग्याकडे बघून मान हलवायची आणि परत जायची.

माय मात्र स्वतःच्या वेगळ्याच गोष्टीसाठी गावात नावाजलेली होती. नव्या बाळाला न्हाऊ घालावं तर तिनंच. न्हाणीत पाटावर बसायची, लुगडं गुडघ्यापर्यंत सारायची, पाय लांब करायची आणि बाळ पायांवर पालथं घालायची. तेल, हळदीचं पीठ, मग ऊन ऊन पाणी. रडणारं पोर दुसऱ्या तांब्याला गप्प व्हायचं. निम्मं गाव तिच्या नडग्यांवर न्हाऊन मोठं झालं, असं तीच हसत म्हणायची. तिच्या टाचांना बारा महिने भेगा असत. पोरांना त्याचं काय, त्यांना तिचे पाय म्हणजे पाळणा.

मी मास्तरीण झाले, लग्न करून जालन्यात आले. नवरा बियाण्यांच्या कंपनीत. नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा मला दिवस गेले. तिथल्या बाई डॉक्टरांनी रक्ताच्या तपासण्या करून घेतल्या आणि कागद हातात घेऊन मला बसायला सांगितलं. माझ्या रक्तात 'ब' प्रकारच्या काविळीचा विषाणू होता. मी म्हटलं, मला आयुष्यात कधी कावीळ झालेली नाही, तुमच्या लोकांनी नळ्या बदलल्या असतील, परत काढा. त्यांनी परत काढली. उत्तर तेच.

मला राग आला की प्रश्न सुचतात. त्या दिवशी पुष्कळ सुचले आणि त्या बाईंनी एकेकाचं उत्तर दिलं. हा विषाणू पाण्यातून येणाऱ्या काविळीसारखा येऊन जाणारा नाही. मोठ्या माणसाला लागला तर बहुतेकांचं शरीर त्याला हाकलून लावतं. तान्ह्या बाळाला लागला तर मात्र तो यकृतात घर करतो आणि वर्षानुवर्षं गप्प बसून राहतो. माणूस धडधाकट दिसतं, नोकरी करतं, लग्न करतं. पुढे कधीतरी काहींचं यकृत कडक होतं, काहींना कॅन्सरची गाठ होते. मला तो बहुधा जन्मताच मिळाला असणार. तुमच्या आईला विचारा, त्या म्हणाल्या, कावीळ झाली होती का कधी.

डोळ्यांसमोर चुलीपासून उठून दारात येणारी माय होती.

"आता तुमचं सोडा," बाई म्हणाल्या. "तुमच्यावर आपण नजर ठेवू. बाळाचं बघायचं. जन्मल्याबरोबर त्याला दोन सुया मिळाल्या पाहिजेत, दिवस उलटायच्या आत. मिळाल्या तर बाळ सुटेल."

दोन सुया म्हणजे एक लस आणि दुसरं तयार संरक्षण, लसीला जोर धरेपर्यंत पुरणारं. मग लसीचे आणखी डोस पहिल्या आणि सहाव्या महिन्यात, आणि वर्ष झालं की रक्त तपासायचं. मी सगळं दोनदा म्हणवून घेतलं. रिक्षात बसले तेव्हा मला भीती वाटत होती, हे कबूल. पण भीतीपेक्षा एक गोष्ट मोठी होती. हा रोग माझ्यापाशी थांबवता येत होता. किती रोगांबद्दल माणसाला असं सांगता येतं? घरी येईपर्यंत माझं ठरलं होतं, पोरीला किंवा पोराला हे मिळणार नाही.

घरातल्या सगळ्यांची रक्तं तपासली. नवरा कोरा निघाला, त्याला लस सुरू झाली. दादांना कधीतरी होऊन गेलेली, शरीरानं घालवलेली. मायच्या रक्तात विषाणू होता आणि यकृताला सूजही होती. ती जुनी कावीळ म्हणजे आत बसलेल्या विषाणूनं मारलेली उसळी असावी, असं बाई म्हणाल्या. तो आला कुठून, त्या सुईवाल्यानं त्याआधी कधी टोचलेल्या सुईतून की तिच्या आईकडून, हे आता कुणी सांगू शकत नव्हतं.

दादांनी हे ओट्यावर बसून ऐकलं. "माह्या हातानं उतरवल्ती," ते म्हणाले. "समद्या गावानं पाह्यलं." मी म्हटलं, दादा, वरची उतरली होती, आतली राहिली. त्यांना ते पटलं की नाही कळलं नाही, पण पुढच्या रविवारी त्यांनी मायला दारात बोलावलं नाही.

मायनं एकच विचारलं, हे माझ्यापासून तुझ्यात आलं का. मी हो म्हटलं. खोटं बोलायची मला सवय नाही, आणि मला वाटलं, त्यात तिचा काय दोष, तिलाही समजेल.

पहिलं बाळंतपण माहेरी, याबाबत आमच्याकडे कुणाचं काही चालत नाही. जालन्यातच थांबा, असं बाई म्हणाल्या होत्या. पण दादांना वाटलं, लेक जालन्यात राहिली म्हणजे ह्या रोगापायी माहेरानं तिला टाकलं, असं लोक म्हणतील. त्यांनी शब्द दिला. जाफराबादला दवाखाना आहे, तिथे फ्रीज आहे, दोन्ही सुया मी स्वतः जालन्याहून आणून आधीच ठेवतो. मी मान्य केलं, कारण दादांनी दिलेला शब्द कधी मोडलेला मी पाहिला नव्हता.

एप्रिल संपत आला होता, उन्हानं रस्ते भाजत होते. औषधवाल्यानं दोन्ही बाटल्या थर्माकोलच्या डब्यात, गार पिशव्या घालून दिल्या आणि सांगितलं, गार ठेवा. दादांनी डबा हलवून बघितला आणि त्यांना तो विश्वासाचा वाटला नाही. एसटीचा एवढा प्रवास, त्यात ऊन, वितळून जाईल सगळं. ते चालत जुन्या जालन्यात गेले. तिथे एक कुल्फीवाला होता, त्याच्या पोराची कावीळ दादांनी कधीकाळी उतरवली होती. दादांसाठी तो माणूस जीव टाकायचा. त्यानं स्वतःच्या हातानं बर्फ ठेचला, कुल्फीला घालतात तसं त्यात जाडं मीठ घातलं, बाटल्या मधोमध रोवल्या आणि डबा चिकटपट्टीनं गुंडाळून दिला. जाफराबादपर्यंत न्हाई वितळत, दादा, बिलकुल काळजी करू नका, असं त्यानं सांगितलं म्हणे.

आणि खरंच वितळलं नाही. दादांनी डबा मांडीवर घेऊन भोकरदनपर्यंत आणि पुढे जाफराबादपर्यंत आणला. मी आणि माय दवाखान्यात तपासणीला आलो होतो, तिथेच ते पोचले. तोंड उन्हानं काळवंडलेलं, पण चेहऱ्यावर काय तो आनंद. तिथल्या डॉक्टरांनी डबा उघडून बाटल्या उजेडात धरल्या आणि खाली ठेवल्या. दोन्ही दगडासारख्या गोठल्या होत्या. गोठलेली लस मेली, त्या म्हणाल्या. वितळवली तरी तिच्यात जोर राहत नाही. गार हवी, पण गोठता कामा नये.

दादा म्हणाले, उनानं बिघडू नये म्हणून तर एवढा बर्फ घातला.

"कुल्फी न्हाई ती, दादा," मी ओरडले. बाहेर बाकावर बसलेल्या बायांनी वळून बघितलं. मला पर्वा नव्हती. त्या दोन बाटल्यांवर माझं बाळ अवलंबून होतं आणि माझ्या बापानं त्या मिठात पुरून आणल्या होत्या. दादांनी डबा बंद केला आणि उद्या परत जाऊन दुसऱ्या आणतो म्हणाले.

तेवढी वाट बाळानं पाहिली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिता पिता कळा सुरू झाल्या. दवाखान्यात डॉक्टरांनी तपासलं आणि पहिलटकरीण आहेस, बराच वेळ आहे, म्हणाल्या. दादा जालन्याला जायला चप्पल घालत होते. जाणार कधी, आणणार कधी, परत गोठवून आणणार की वितळवून? मी कॉटवरून खाली उतरले.

"लस इथं येत न्हाई तर मी लसीकडं जाते," मी म्हटलं. "जीप बोलवा."

माहेरी आलेली पहिलटकरीण कळा देत जीपमधून सासरी निघाली, असं आमच्या गावात त्याआधी कधी झालं नव्हतं. माय थोडं काही पुटपुटली. मी तिच्याकडे बघितलं आणि तिनं मुकाट्यानं गोधडी उचलली. डॉक्टरांनी एक नर्स बरोबर दिली. मी नवऱ्याला समोरच्या एसटीडीवरून फोन करवला. लस जालन्यात मिळणार होती, दुसरी सुई मात्र औषधवाल्यानं एकच मागवली होती, ती आता औरंगाबादहून आणावी लागणार होती. तो मोटारसायकलला किक मारूनच फोनवर 'हो' म्हणाला असावा.

राजूरच्या रस्त्याला खड्डे किती होते ते मला विचारा. माय वाटभर माझी पाठ चोळत होती. मला हात लावायला तिला काही वाटत नव्हतं, मला तर झालेलंच होतं. दादा ड्रायव्हरशेजारी बसले होते. एकदाही मागे वळले नाहीत, फक्त खड्डा आला की ड्रायव्हरच्या दंडावर हात ठेवायचे.

दुपार कलताना जालन्याच्या दवाखान्यात मुलगी झाली. बाईंनी तिला पुसली, आणि ती पहिलं रडणं पुरतं रडायच्या आत एका मांडीत लस टोचली. दुसरी सुई नवरा घेऊन आला, ती दुसऱ्या मांडीत. त्याच्या केसांत रस्त्याची धूळ होती आणि तो वेड्यासारखा हसत होता. मी दोन्ही वेळा पोरीच्या मांडीकडे डोळे लावून होते. तिनं दोन्ही सुयांना चांगलं भोकाड पसरलं. मला इतकं गोड काही ऐकल्याचं आठवत नाही.

माझ्या सासूबाईही तिथेच होत्या, पण नर्सनं बाळ गुंडाळून रिवाजाप्रमाणे आईकडच्या आजीपुढे धरलं. मायनं दोन्ही हात पदराखाली घेतले आणि मागे सरकली. "सासूबाईला द्या," ती म्हणाली.

मला वाटलं, लाजली असेल. पण पुढे वर्षभर तेच चाललं. मायनं नातीला मांडीवर घेतलं नाही. गावी गेले की ती पोरीसाठी सगळं करायची, लांबून. पाणी तापवायची, मनगटावर टाकून बघायची, तेल वाटीत घेऊन द्यायची. न्हाऊ शेजारची काकू घालायची आणि माय न्हाणीच्या दारात उभी राहून, मान धर, कानात पाणी जाऊ देऊ नको, असं सांगत राहायची. पाटावर ती बसली नाही. विचारलं तर म्हणायची, माझ्या टाचा फुटलेल्यायत, रक्त येतं कधी कधी, लेकराला लागायचं.

मी समजावलं. मांडीवर घेतल्यानं, मुका घेतल्यानं, एका ताटात जेवल्यानं हा रोग लागत नाही. मी स्वतः तिला अंगावर पाजते, डॉक्टरांनीच सांगितलंय. लस दिलेली आहे. जालन्याला नेऊन बाईंकडून सांगवलं. बाईंपुढे मान हलवून घरी येऊन पुन्हा तेच. शेवटी मी चिडले. अशानं पोरगी तुला ओळखणार नाही, म्हणाले. माय म्हणाली, न ओळखू दे, चांगली राहू दे.

मी तिला खरं सांगितलं होतं, आणि त्या खऱ्याचं तिनं हे केलं होतं.

मायला त्याच वर्षी गोळ्या सुरू झाल्या. रोज एक, न चुकता, आणि आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत, कारण मध्येच थांबवल्या तर विषाणू दुप्पट जोरानं उठतो. गोळी दादा द्यायचे. सकाळची पूजा झाली की तळहातावर गोळी आणि तांब्यात पाणी घेऊन ते मायपुढे उभे राहायचे आणि ती गिळेपर्यंत हलायचे नाहीत. रविवार त्यांनी बंद केले नाहीत. पण आलेल्याला आता ओट्यावर बसवून सांगायचे, आधी रक्त तपासून ये, कोणती कावीळ आहे ते कळू दे, मंग माळ. काही जण रागावून गेले. काही जण तपासून आले. एक-दोघांना मायसारखीच निघाली. दादा त्यांना जालन्याच्या बाईंचा पत्ता सांगायचे, आणि एकदा एकाला स्वतः घेऊनही गेले.

मला औषध लागलं नाही. माझा विषाणू झोपलेला होता. सहा महिन्यांनी रक्त, वर्षातून सोनोग्राफी, एवढंच. आजही तेच चालू आहे. लोक विचारतात, भीती नाही वाटत? मी म्हणते, पहाऱ्यावर आहे मी, भीती त्याला वाटू दे.

लेकीच्या पहिल्या वाढदिवसानंतर रक्त काढलं. निकालाच्या दिवशी शाळेतून रजा घेऊन, पोरीला मांडीवर घेऊन मी बाईंपुढे बसले. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. विषाणू नाही, त्या म्हणाल्या, आणि संरक्षण भरपूर तयार झालंय. मी तिथेच रडले आणि रडताना मोठमोठ्यानं हसले. बाहेरच्या पेशंटांना काय वाटलं असेल देव जाणे.

मी घरी गेलेच नाही. पोरीला काखेत मारून बसस्टँडवर गेले आणि जाफराबादची एसटी धरली. गावी पोचले तेव्हा माय अंगणात शेंगा फोडत होती, दादा ओट्यावर. मी उभ्या उभ्याच सांगितलं. दादांनी परत सांगायला लावलं. मग खिशातून त्यांनी एक माळ काढली, ताजी गाठवलेली. नातीला निघालीच तर असावी म्हणून वर्षभर नवी करून जवळ ठेवत होते. माझ्याकडे न बघता त्यांनी ती एकेक गाठ करून सोडली आणि दोरा गुंडाळून परत खिशात टाकला. दोरा चांगला आहे, म्हणाले.

शेंगांचं सूप बाजूला ठेवून माय उठली, आत गेली. चुलीवर पातेलं चढवल्याचा आवाज आला. बऱ्याच वेळानं तिनं पाणी न्हाणीत नेलं. मी पोरीला घेऊन दारात गेले. माय पाटावर बसली होती, लुगडं गुडघ्यापर्यंत सारलेलं, पाय लांब केलेले. टाचांना तेल चोपडलेलं होतं, भेगा तरी दिसतच होत्या.

"माह्या टाचाचं रक्त लागलं तर?" तिनं विचारलं.

"लागू दे," मी म्हटलं. "आता तिला काही होत न्हाई, माय."

तिनं हात पुढे केले. पोरगी वर्ष उलटलेली, अंगानं भरलेली, तिला या बाईची सवय नव्हती. ती ताठ झाली, रडली. मायनं तिला पायांवर पालथी घातली तर डोकं एकीकडे आणि पाय पाटावर लोंबत राहिले. पहिला तांब्या पाठीवर पडला तशी ती किंचाळली. दुसऱ्याला गप्प झाली. माय तिच्या मानेखाली हात धरून पाणी ओतत होती, आणि मायचा चेहरा पाण्यानं भिजला होता की कशानं, ते मी विचारलं नाही.

"मोठी झाली ती," मी म्हटलं, "पायावर मावत न्हाई."

"मावती," माय म्हणाली, आणि तिनं पाय आणखी लांब केले.